पात्यावरचं नाव कोणाचं?

खंडेनवमीच्या सकाळी तामलवाडीच्या परिसरातल्या घराघरांतून लोखंड बाहेर निघतं. विळा, खुरपं, कोयता, कुऱ्हाड, स्वयंपाकघरातली विळी, सुताराचं वाकस, हल्ली ट्रॅक्टरचे पान्हेसुद्धा. सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, वर झेंडूचं फूल ठेवायचं. एखाद्या जुन्या घरात याच दिवशी माळ्यावरून एक गाठोडं खाली उतरतं. तेलकट फडक्यात गुंडाळलेला वीतभर पात्याचा सुरा. मूठ शिंगाची, तिच्यात पितळेच्या दोन खिळ्या. हा कोणाचा, असं घरातल्या पोराने विचारलं की उत्तर तयार असतं: पणजोबांचा. कोणी बनवला, असं विचारलं की घर गप्प होतं.

ही शांतता फक्त त्या घरापुरती नाही. लंडनच्या लिलावघरातून आलेल्या तलवारी असोत की परड्यातला कोयता असो, आपल्याकडच्या हत्यारांवर मालकाचं नाव सापडतं, घडवणाऱ्याचं क्वचितच. म्हणून हातात आलेलं एखादं दुर्मीळ, हाताने घडवलेलं पातं कोणाचं आणि कुठलं हे ठरवायचं तर नाव शोधून भागत नाही. नाव सापडलंच, तर आधी त्या नावाचीच चौकशी करावी लागते.

ताजं उदाहरण नागपूरकर भोसल्यांच्या तलवारीचं. एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात रघुजी भोसले पहिले यांच्या नावाची तलवार निघाली. महाराष्ट्र सरकारने ती सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोहोचली. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत मजकूर आहे. त्यात रघुजींचं नाव आहे, छत्रपती शाहूंनी दिलेला ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब आहे आणि शेवटी एक शब्द आहे, ‘फिरंग’. बातम्यांत नावाची चर्चा खूप झाली. शोधाच्या दृष्टीने मात्र तो शेवटचा शब्द मोलाचा. फिरंग म्हणजे फिरंग्यांच्या मुलखातलं, म्हणजे युरोपातलं पातं असलेली तलवार. अक्षरं कोरून घेणाऱ्या माणसाला पातं परदेशी आहे हे ठाऊक होतं आणि ते त्याने लपवलं नाही, उलट सोन्यात लिहून ठेवलं. पातं युरोपातलं, मूठ आणि सोनेकाम इकडचं, मालकी नागपूरची. एका तलवारीला तीन जन्मगावं, आणि ती वेगवेगळी वाचावी लागतात.

भवानी तलवारीचा प्रश्न याच गाठीत अडकलेला आहे. तामलवाडी सोलापूर–तुळजापूर रस्त्यावर आहे. कोजागरीला सोलापूरहून पायी निघालेल्या भाविकांची रीघ याच रस्त्याने जाते. तुळजापुरात शारदीय नवरात्रात देवीची भवानी तलवार अलंकार महापूजा मांडतात. देवी शिवाजी महाराजांना तलवार देते आहे, असं ते रूप. श्रद्धेच्या जागी ते चित्र पूर्ण आहे, त्याला पुराव्याची गरज नाही. इतिहासाचा शोध वस्तू समोर ठेवल्यावर सुरू होतो. अनेक जण जिला भवानी मानतात ती ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहातली ‘जगदंबा’ तलवार १८७५–७६ च्या दौऱ्यात कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून प्रिन्स ऑफ वेल्सकडे, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डकडे गेली. तिचं पातं युरोपीय आहे आणि त्यावर ‘आयएचएस’ ही अक्षरं ठोकलेली आहेत. हे कोणा लोहाराचं नाव नव्हे. येशूच्या नावाचं ते ख्रिस्ती संक्षिप्त रूप. स्पेन, जर्मनी, इटली, जिथे जिथे पाती घडत तिथे अशा धार्मिक खुणा ठोकत. त्यामुळे ही अक्षरं ‘युरोप’ इतकंच खात्रीने सांगतात, गाव सांगत नाहीत. मुख्यमंत्री अंतुले यांनी १९८० मध्ये भवानी तलवार परत आणण्याचा विषय काढला आणि तो घरोघर पोहोचला. तेव्हापासून वाद चालत आला तो जगदंबा हीच भवानी का, यावर. पातं कोणत्या भट्टीतलं, हा प्रश्न मागेच राहिला.

वाघनखांचं तर आणखी वेगळं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून तीन वर्षांच्या मुदतीवर आलेली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडली गेली. त्या नखांवर स्वतःचा असा लेख नाही. शिवाजी महाराजांशी नातं सांगणारा मजकूर आहे तो पेटीवर, आणि पेटी ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी ग्रँट डफ साताऱ्याहून स्कॉटलंडला परतल्यावर तिकडे बनलेली. महाराजांची नखं हीच का, हे पडताळता येत नाही, असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं. पेटी, म्यान, कापड, चिठ्ठी ही सगळी साक्षीदार मंडळी. त्यांची साक्ष घ्यायची, पण वस्तूची साक्ष वेगळी नोंदवायची. घरातल्या सुऱ्याबाबतही हाच नियम. ‘पणजोबांचा’ ही पेटीवरची चिठ्ठी झाली.

समजा, नाव खुद्द पात्यावर आहे आणि ते कारागिराचंच आहे. तरी काम संपत नाही. उत्तर युरोपात ‘उल्फबर्त’ हे नाव पोलादात बसवलेल्या सुमारे १७० तलवारी सापडल्या आहेत. काळ पाहिला तर साधारण नववं ते अकरावं शतक. दोनशे वर्षं जगणारा लोहार नसतो. त्यातल्या काही पात्यांत अक्षरांचा क्रम चुकलेला आहे. आणि धातूंचे अभ्यासक ॲलन विल्यम्स यांनी धातू तपासला तेव्हा काही पाती उत्तम पोलादाची निघाली, काही अगदी सुमार. आपल्याकडे तीच कथा ‘अमल-ए-असदुल्ला इस्फहानी’, म्हणजे ‘असदुल्ला इस्फहानीचं काम’, या लेखाची. इराणच्या शाह अब्बासच्या काळाशी जोडलेलं हे नाव इतक्या पात्यांवर आणि इतक्या वेगवेगळ्या सालांसह येतं की जाणकार ते उत्तम दर्जाची ग्वाही म्हणून वाचतात, सही म्हणून नाही. ‘रामपुरी’ हे घरगुती उदाहरण. रामपूर हे उत्तर प्रदेशातलं गाव, पण बोलण्यातला रामपुरी म्हणजे चाकूचा एक घाट, मग तो कुठेही बनो. नावं प्रवास करतात, माणसांपेक्षा लांब आणि माणसांपेक्षा जास्त काळ.

मग वाचायचं काय? सर्वांत आधी सांधा. जिथे पातं मुठीत शिरतं ती बोटभर जागा सगळ्यात जास्त बोलते. आपल्या तलवारीची लोखंडी मूठ आतून पोकळ असते. पात्याची शेपटी आखूड. मुठीत लाख-राळेचं गरम मिश्रण भरून त्यात ती रोवतात. गार झालं की पक्की. पुन्हा ऊब दिली की लाख सैल होते आणि पातं हातात येतं. युरोपीय पद्धतीत शेपटी लांब, मुठीतून आरपार जाऊन टोकाशी ठोकून बसवलेली. म्हणूनच युरोपातलं पातं इकडे आल्यावर मूठ बदलणं हे नेहमीचंच काम होतं, आणि एका मुठीने दोन-तीन पाती पाहिलेली असणंही साधी गोष्ट होती. मूठ पाहून पात्याचा काळ सांगणारा माणूस सदरा पाहून अंगाचं वय सांगतो.

तंजावरच्या मराठ्यांचा शस्त्रसाठा हे याचं मोठं आणि दुःखद प्रकरण. १८५५ मध्ये तंजावरचे शिवाजी महाराज पुरुष वारसाविना गेले, कंपनीने राज्य खालसा केलं आणि पुढच्या काही वर्षांत शस्त्रागार मोडीत निघालं. काही हत्यारं मद्रासच्या संग्रहालयात गेली, काही संग्राहकांच्या हाती लागली. बाकीच्यांची मोड झाली, लोखंडाच्या भावाने. वॉलहाउस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७८ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त त्या साठ्यावर लेख लिहिला. दक्षिणेतल्या जाळीदार मुठींच्या कट्यारी, त्यांना जोडलेली युरोपीय तलवारींची कापून घेतलेली पाती, हे आज जगभरच्या संग्रहालयांत ‘तंजावर’ म्हणून ओळखलं जातं. पण तंजावर हा शेवटचा मुक्काम. तिथे जमा होण्याआधी ती पाती कुठे कुठे फिरली, हे प्रत्येक सांध्यावर, प्रत्येक रिव्हेटवर वेगळं शोधावं लागतं. मोडीत गेलेल्यांबद्दल तर कोणाला काहीच विचारता येत नाही. जिथे मराठी राज्याची शस्त्रं वितळली तिथे कारागिरांचा एक अख्खा दस्तऐवज वितळला.

सांध्यानंतर पोलाद. मराठीत हत्याराला ‘पाणी’ असतं. लोहार तापलेलं पातं विझवतो त्याला पाणी देणं म्हणतात, आणि चांगल्या तलवारीच्या अंगावर लाटांसारखी जी नक्षी उमटते तिलाही पाणीच म्हणतात. ही नक्षी कोरलेली नसते. मुशीत वितळवून बनवलेल्या, एक ते दोन टक्के कार्बनच्या पोलादाला बेताच्या तापात ठोकत गेलं की ती आतूनच तयार होते. हे पोलाद आपल्या शेजारचंच. आज तेलंगणात असलेलं निजामाबाद जिल्ह्यातलं कोनसमुद्रम हे त्याचं नावाजलेलं ठिकाण. तिथल्या भट्ट्यांचं डॉ. हेन्री व्हॉयसी यांनी लिहिलेलं वर्णन १८३२ मध्ये छापलं गेलं. इस्फहानचे व्यापारी तिथे येऊन माल घेत, असं त्यात येतं. म्हणजे तेलंगणाचं पोलाद इराणात जाऊन तलवार व्हायचं आणि ती तलवार इराणी म्हणून दख्खनमध्ये परत यायची. मग तिचं मूळ गाव कोणतं म्हणायचं? मुंबईतल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये या पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांना पाठवले, पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर रॉयल सोसायटीत निबंध वाचला, आणि १८१९ च्या सुमारास मायकेल फॅरडेही याच पोलादामागे लागले. नक्षीचं कारण बऱ्यापैकी उलगडायला १९९८ उजाडलं. जॉन व्हर्होव्हेन हे धातुशास्त्रज्ञ आणि आल्फ्रेड पेंड्रे हे लोहार या जोडीने दाखवलं की खनिजातला व्हॅनेडियमसारखा धातू अगदी नाममात्र असला तरी नक्षी जमते, तो नसला तर जमत नाही. शास्त्रज्ञ आणि लोहार एकाच निबंधाचे लेखक, ही गोष्ट आवर्जून सांगावी अशी आहे. या विषयातलं अर्धं ज्ञान हातात असतं.

याच कारणाने बाजारातल्या ‘दमास्कस’ शब्दापासून सावध राहिलेलं बरं. दोन प्रकारचं पोलाद थरावर थर ठेवून, घड्या घालून जोडलं की त्यावरही लाटा दिसतात. पण ती वेगळी विद्या. पाकिस्तानातल्या वजिराबादहून असे चाकू मोठ्या संख्येने परदेशी जातात. थरांची नक्षी सलग पट्ट्यांची, लाकडाच्या रेषांसारखी. मुशीच्या पोलादाची नक्षी बारीक, तुटक, पाण्यावरच्या शहाऱ्यासारखी. भिंग घेऊन दोन्ही एकदा शेजारी पाहिली की डोळा सहसा फसत नाही.

आता मराठवाड्यातला तो अपवाद, ज्याने आपलं नाव ठोकलं. एकोणिसाव्या शतकात औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बोदराज या नावाचं काम चालायचं. घोड्यावरून भाल्याने रानडुकराची शिकार करण्याचं वेड इंग्रज अधिकाऱ्यांत होतं, आणि त्या भाल्यांच्या पात्यांसाठी दोन नावं त्यांच्या तोंडी असत: सेलमचा अरुणाचलम आणि औरंगाबादचा बोदराज. पात्यावर इंग्रजी अक्षरांत नाव आणि गाव ठोकलेलं. आज असा शिक्का दिसला की संग्राहकाचं काम निम्मं होतं. उरलेलं निम्मं अक्षरांत असतं. औरंगाबादचं जुनं इंग्रजी स्पेलिंग मधल्या ‘यू’चं, हंटर यांची लिप्यंतराची पद्धत रूढ झाल्यावर तिथे ‘ए’ येऊ लागला. एका स्वरावरून काळाची दिशा मिळते, साल मिळत नाही. जुना ठसा पुढेही वापरला गेला असू शकतो.

बोदराजने नाव का ठोकलं आणि तामलवाडीच्या लोहाराने का नाही? कौशल्यातला फरक हे कारण पटत नाही. फरक गिऱ्हाइकाचा होता. बोदराजचं गिऱ्हाईक छावणीतलं, आज इथे तर उद्या बदली होऊन मीरतला. त्याला पुन्हा पातं मागवायचं तर पत्ता हवा, म्हणून शिक्का. गावचा लोहार बलुतेदार. त्याचं गिऱ्हाईक पिढीजात, मोबदला खळ्यावर धान्यात, आणि विळा बोथट झाला की पाजवायला त्याच्याच दारी येणार. रोज दिसणाऱ्या माणसाला सही लागत नाही. बाहेरून येणाऱ्या मालाला नाव लागतं, म्हणून इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीच्या चाकूंवर तारा आणि क्रूस दिसतात, सोबत राजाची आद्याक्षरं. व्हिक्टोरियाची असली तर माल १९०१ पर्यंतचा, त्यानंतर १९१० पर्यंत सातव्या एडवर्डची, पुढे जॉर्जची. तेव्हा हैदराबाद संस्थानात असलेल्या तामलवाडीकडच्या गावांना ब्रिटिश हद्दीतलं सोलापूर जवळ, त्यामुळे तिथल्या बाजारातून असे चाकू इकडच्या घरांत येणं काही अवघड नव्हतं. रॉजर्सच्या खुणेच्या नकला मात्र इतक्या झाल्या की खूण दिसली म्हणून शेफिल्ड असं लगेच धरू नये.

बिननावाच्या गावठी पात्याचा मागही लागतो, फक्त वेगळ्या रस्त्याने. रस्त्याकडेला पाल टाकून बसणारे घिसाडी पाहिले की हे समजतं. पुरुष सांडशीत तापलेला तुकडा धरून ऐरणीवर वळवत असतो, समोर बाई घण घालत असते, आणि दोघांचा ताल एक शब्द न बोलता जुळलेला असतो. एका जोडीचे घाव दुसऱ्या जोडीसारखे पडत नाहीत. कोयत्याची पाठ कुठे जाड ठेवायची, विळ्याचा बाक कुठून सुरू करायचा, मुठीत जाणारी शेपटी चौकोनी की चपटी, टोकाशी ती कशी वळवायची, ही सवय बापाकडून मुलाकडे जाते. चाळीस-पन्नास पाती एका जागी मांडली तर एका हाताची पाती आपोआप वेगळी पडतात. अशी मांडणी करायला पाती जपलेली असावी लागतात. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहताना हे जाणवतं. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’ यांनी, गावोगाव हिंडून घरगुती वस्तू गोळा केल्या तेव्हा सुपारी कातरायच्या हत्याराला संग्रहालयात जागा असते असं फारसं कोणाला वाटत नव्हतं. आज ते अडकित्ते शेजारी शेजारी आहेत म्हणूनच त्यांच्यातले हात ओळखता येतात. मराठवाड्यातल्या विळ्या-कोयत्यांचा असा संग्रह व्हायला हवा, आणि तो लवकर व्हायला हवा.

धातूही काही तारखा देतो. अलीकडचा गावठी सुरा बहुधा मोटारीच्या तुटलेल्या पाट्याचा असतो. मग तो मालमोटारी गावात यायच्या आधीचा असू शकत नाही, घरातली कथा कितीही जुनी असो. क्रोमियम भरपूर निघालं तर १९१३ नंतरचं स्टेनलेस. मूठ काळी, गुळगुळीत आणि बेकेलाइटची निघाली तर १९०७ नंतरची, निदान मूठ तरी. क्ष-किरणांनी धातूची जात सांगणारं हातातलं यंत्र हे सगळं पातं न खरवडता सांगतं. कार्बन मात्र त्याला मोजता येत नाही, आणि पोलादाची खरी गोष्ट कार्बनमध्येच असते. तिथे भिंग, आम्लाचा हलका हात आणि अनुभवी नजर लागते.

जपानी तलवारींच्या अभ्यासकांनी एक शिस्त पाळली आहे, ती इथे घेण्यासारखी आहे. तिकडे कारागिराची सही मुठीखाली झाकलेल्या शेपटीवर असते, आणि शेपटीवरचा गंज कधीही काढत नाहीत. त्या गंजाच्या रंगावरून वय वाचतात. आपल्याकडे खंडेनवमीला नेमकं उलट होतं. चिंच, राख, लिंबू, विटेचा चुरा घेऊन पातं लख्ख होईपर्यंत घासतात. भाव प्रेमाचा असतो, पण दरवर्षी थोडी नक्षी, थोडी अक्षरं, घावांच्या थोड्या खुणा त्या पाण्यातून मोरीत जातात.

अमेरिकेत हाताने चाकू घडवणाऱ्यांचं आजचं नामांकित जग बऱ्याच अंशी एका योगायोगावर उभं आहे. १९३० च्या दशकात बो रँडल यांनी एक माणूस होडीचा रंग चाकूने खरवडताना पाहिला. चाकूला काहीच होत नव्हतं. तो चाकू विल्यम स्केगल यांनी घडवलेला, आणि त्यावर क्रिस खंजिराच्या आकाराची त्यांची खूण होती. ती खूण होती म्हणून रँडल त्या माणसापर्यंत पोहोचले आणि पुढे स्वतः चाकू घडवू लागले. आपल्याकडे असा चाकू कोणाच्या हाती लागला तर तो पोहोचणार कोणाकडे?

कायद्याचं एक भान हवं. १०० वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाती येतात. शेतीची आणि घरकामाची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. म्हणून सुरा की कोयता हे ठरवणं नुसतं हौसेचं राहत नाही.

आणि घरात करायचं ते फार थोडं. या नवमीला पातं घासण्याआधी उजेडात धरून दोन्ही बाजूंचे, पाठीचे आणि सांध्याचे फोटो काढायचे. मूठ सैल असली तर ती स्वतः काढायची नाही. आतली लाख आणि शेपटीवरचा गंज जसाच्या तसा ठेवायचा. फडकं फेकायचं नाही, त्याच्या गाठीतसुद्धा एखाद्या दुकानाचा छापील कागद निघतो. मग घरातल्या सर्वांत वयस्कर बाईजवळ बसायचं, कारण विळी कोणाकडून पाजवून आणायची हे पुरुषांपेक्षा तिला जास्त आठवतं, आणि विचारायचं: आपला लोहार कोण होता, त्याची भट्टी कुठे होती, पाल टाकायला कोण यायचं, कोणत्या महिन्यात. ती सांगेल ते नाव, ज्या उच्चारात सांगेल त्याच उच्चारात, तारखेसह फोटोमागे लिहायचं.